तेलाने घोटलेले लाकूड

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यातील ख्रिस्ती घरांत जुन्या लाकडी वस्तूंची आज मोठी वाताहत चालली आहे. बैठी घरे आणि चाळी पाडून तेथे उंच इमारती उभ्या राहतात. नव्या सदनिकेत आजोबांचे शिसवी कपाट दारातून आत जात नाही, म्हणून ते जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडे जाते. जे उरते त्याला 'नवे रूप' देण्यासाठी पॉलिशवाला बोलावण्यात येतो. तो जुना थर खरवडून काढतो, वर मेलामाईनचे हात देतो आणि चार दिवसांत वस्तू काचेसारखी चमकू लागते. चर्चमधील बाकडी, पापनिवेदनाची आसने, वेदीमागील लाकूडकाम यांचीही अनेक ठिकाणी हीच गत झालेली आम्ही पाहिली आहे. खरवडून काढलेली ती जुनी झळाळी नेमकी कशाची होती, हे मात्र कोणी विचारत नाही. सर्वजण म्हणतात, 'पूर्वी तेल लावीत असत.' या मोघम उत्तरामागे बराच इतिहास दडलेला आहे आणि त्याची सुरुवात आपल्या कल्याणातच होते.

सहाव्या शतकाच्या मध्यास अलेक्झांड्रियाचा एक ख्रिस्ती व्यापारी कॉस्मस याने आपल्या ग्रंथात 'कल्लियाना' नावाच्या बंदराचा उल्लेख केला आहे. तेथे पर्शियातून नेमून आलेला बिशप असल्याचे तो लिहितो. ही ओळ आपण धर्मशिक्षणाच्या वर्गापासून ऐकत आलो आहोत. परंतु हाच कॉस्मस त्या बंदरातून बाहेर जाणारा मालही सांगतो: तांबे, कापड आणि एक प्रकारचे लाकडी ओंडके. त्या ओंडक्यांसाठी आलेल्या ग्रीक शब्दाचा वरवरचा अर्थ 'तिळाचे लाकूड' असा होतो. तिळाच्या रोपाला ओंडका कोठून असणार? हा शब्द आपल्या 'शिसव'चा ग्रीक जिभेवर झालेला अपभ्रंश होय, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. त्याच्याही पाच शतके आधीच्या 'पेरिप्लस' या नाविक वृत्तान्तात भडोचहून इराणी आखाताकडे साग, शिसव आणि अबनूस जात असल्याची नोंद आहे. कल्याणचे नावही त्यात येते; तेथे येणारी ग्रीक गलबते पकडून पहाऱ्यात भडोचला नेली जात, अशी तक्रारही येते. ज्या बंदरात बिशप राहत होता, त्याच्या धक्क्यावर शिसवीच्या ओंडक्यांची रास पडलेली असे, एवढे चित्र डोळ्यांपुढे आणले तरी आमचे मन भरून येते.

लाकूड येथले, पण त्यावर तेल चढविण्याची गरज येथे प्रथम पडली ती बहुधा घरात नव्हे, तर खाडीत. कोकण किनाऱ्यावरील होड्यांच्या फळ्यांना मुशीच्या यकृताचे तेल चोपडण्याची रीत जुनी आहे. त्याला चमक कमी आणि वास फार. पण खाऱ्या पाण्यापासून लाकूड बचावते. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि लवकरच तेथे लढाऊ जहाजे बांधण्याचे काम सुरू केले. त्या कामावरील मुख्य कारागिरांत रुय लैताव व्हिएगश हा पोर्तुगीज होता. 1659 मध्ये वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्याचे मन वळवून त्याला आणि त्याच्या माणसांना तेथून काढून घेतले, हे पोर्तुगीज कागदपत्रांवरून दिसते. स्वराज्याच्या आरमाराच्या पहिल्या लाकडावर ख्रिस्ती सुतारांचेही हात फिरले होते, ही गोष्ट आपल्या मुलांना क्वचितच सांगितली जाते.

घरातील लाकडावरची चमक हे वेगळे प्रकरण आहे. त्यासाठी युरोपात जवसाच्या तेलाचा आधार घेतला गेला, आणि त्याविषयीचे एक महत्त्वाचे जुने लेखन एका मठवासीयाचे आहे. बाराव्या शतकाच्या प्रारंभी थिओफिलस या नावाने लिहिणाऱ्या या संन्याशाने चित्रकला, काच आणि धातुकाम यांवर लॅटिनमध्ये ग्रंथ रचला. जवसाच्या तेलात राळेसारखा डिंक कढवून त्याचा लेप कसा करावा, तो चित्रावर देऊन उन्हात कसा वाळवावा, हे तो बारकाईने सांगतो. तेलात कालवलेला रंग वाळण्यास फार वेळ लागतो, काम कंटाळवाणे होते, असेही तो मोकळेपणाने लिहितो. आठशे-नऊशे वर्षांनंतरही तेलाने काम करणारा प्रत्येक जण हीच कुरकूर करीत असतो.

वेळ का लागतो, ते समजून घेतले पाहिजे. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जाऊन वाळत नाही. ते हवेतील प्राणवायू शोषून घेते आणि त्याचे कण एकमेकांना जखडून त्याचा चिवट पापुद्रा तयार होतो. खोबरेलाला हा गुण नाही. आपल्या किनारपट्टीवरील कित्येक घरांत मोठ्या भक्तिभावाने वेदीला आणि क्रुसाच्या लाकडाला खोबरेल पुसतात. चार दिवस लाकूड तुकतुकीत दिसते, मग त्यावर धूळ बसते आणि काळपट चिकटा तयार होतो. आपल्या बाजारात सुतार आणि रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात, ते जवसाचेच तेल होय. ते कढवून लवकर सुकणारे केलेले असते.

येथे आमच्या परिसराचा पुन्हा संबंध येतो. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली. 1863 मध्ये बोरघाट आणि 1865 मध्ये थळघाट ओलांडून रूळ देशावर गेले. 1867 मध्ये ते नागपुरास भिडले. त्या मार्गाने विदर्भ-मध्य प्रांतातील जवस कल्याण जंक्शनवरून मुंबई बंदराकडे वाहू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईहून युरोपला जाणाऱ्या धान्य-बियाण्यांत जवसाचा वाटा मोठा होता. तिकडे त्याचे रंग, वार्निश आणि लिनोलियम होत असे. वऱ्हाडातील गृहिणी ज्याची चटणी करते, त्या दाण्याने परदेशातल्या दिवाणखान्यांना चकाकी दिली, हा विनोद नव्हे तर व्यापाराचा हिशेब आहे.

तेलाने आरशासारखी झळाळी कशी आणीत, याचे उत्तर इंग्रज फर्निचरकार थॉमस शेरटन याच्या 1803 मधील कोशात मिळते. साध्या कपाटकामासाठी तो जवसाचे तेल आणि विटेची वस्त्रगाळ पूड सांगतो. लाकडावर तेल द्यावे, ते काही काळ मुरू द्यावे, मग पूड भुरभुरून कापडाने घोटावे. घोटता घोटता पूड आणि तेल यांची लापशी बनते. ती लाकडाची छिद्रे बुजविते आणि पृष्ठभाग घासून सपाटही करते. तेलाला तांबूस छटा हवी असल्यास रतनजोतीच्या कुळातील एका मुळाचा रंग त्यात उतरवीत. कल्याण-भिवंडीच्या खाडीकाठी वीटभट्ट्यांची कमतरता कधीच नव्हती. तेव्हा सामग्रीसाठी आपल्याला परदेशी जावे लागले नसते. खर्च सारा हाताचा आणि दिवसांचा आहे. तेल छिद्रांवर नुसते साचून राहिले तर झळाळी येत नाही, ओरखड्यांसह चिकटपणा येतो. छिद्र भरले, पृष्ठभाग सपाट झाला आणि पापुद्रा पातळ राहिला, तरच प्रकाश सरळ परततो. जाड थर हा शत्रू, हे वाक्य आम्ही आमच्याकडील एका वृद्ध सुताराकडून ऐकले आहे. त्याने शेरटनचे नावही ऐकले नसावे.

शिसवीची गोष्ट मात्र निराळी, आणि येथेच 'पूर्वी तेल लावीत' हे उत्तर लंगडे पडते. शिसवीच्या अंगी अशी नैसर्गिक द्रव्ये आहेत की ती जवसाच्या तेलाला सुकूच देत नाहीत. तेल आठवडेच्या आठवडे ओलसर राहते. सागाच्या अंगातील तेलकटपणाही थोडा अडथळा आणतो, पण टर्पेंटाइनने पृष्ठभाग पुसून घेतल्यास तेथे निभावते. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या मेडोज स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या नगीनदास मास्टर मार्गावर, कोरीव शिसवी फर्निचरची दुकाने होती. त्या घराण्यातल्या खुर्च्या आणि कपाटे ठाण्या-मुंबईतील ख्रिस्ती घरांतही आली. त्यांची झळाळी तेलाची नसून मुख्यतः लाखेची अथवा मेणाची असावी, असे आमचे मत आहे.

लाख ही तर आपल्याच देशाची देणगी. पळस, कुसुम आणि बोर यांवरील किडा ती निर्माण करतो. छोटा नागपूर हा तिचा मोठा प्रदेश, आणि रांचीजवळ नामकुम येथे 1924 पासून लाख-संशोधनाची संस्था आहे. गोव्याच्या आर्चबिशपांचा चिटणीस म्हणून 1583 ते 1588 या काळात राहिलेला डच माणूस लिन्शोटन याने भारतीय खरादी फिरत्या लाकडावर लाखेची कांडी कशी दाबतात आणि घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून कशी चकाकते, याचे वर्णन केले आहे. सावंतवाडीचे खरादी आजही तेच करतात. पुढे, साधारण 1820 च्या सुमारास, हीच लाख मद्यार्कात विरघळवून कापसाच्या पुरचुंडीने चढविण्याची फ्रेंच रीत युरोपात पसरली आणि 'फ्रेंच पॉलिश' या नावाने इकडे परत आली. चपडा आणि स्पिरिट घेऊन फिरणारा जुना पॉलिशवाला याच परंपरेतला. पुरचुंडी अडकू नये म्हणून तो मधूनमधून तिला जवसाचे तेल लावी. 'तेल लावीत' ही आठवण कदाचित एवढ्यावरूनच राहिली असेल.

1949 नंतर कल्याण कॅम्पच्या निर्वासित वसाहतीचे उल्हासनगर झाले आणि तेथे फर्निचरचा मोठा बाजार वाढला. स्वस्त आणि झटपट वस्तू सामान्य कुटुंबांना मिळू लागल्या. यात वाईट काही नाही. सनमायका, मेलामाईन आणि पीयू यांना पाणी आणि गरम पेला सोसतो, हेही खरे. परंतु त्या थराला एक ओरखडा पडला की तेवढीच जागा दुरुस्त करणे कठीण; बहुधा सारे खरवडावे लागते, आणि प्रत्येक वेळी लाकडाचा एक पापुद्रा, कोरीव कामाची एक धार जाते. तेल आणि लाख यांच्यावर मात्र नवा हात जुन्या हाताशी जुळतो. म्हणून धर्मग्रामाच्या समितीने किंवा कुटुंबाने निर्णय घेण्यापूर्वी न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा एक थेंब टाकून पाहावा. थर चिकट झाला तर ती लाख. तिला लाखच द्यावी. नखाने खरवडून पांढुरके मेण निघाले तर मेण. दोन्ही नसून लाकूड साग असेल, तर बेलतेलाचा विचार करावा.

तेलाचे काम पावसाळ्यात काढू नये. खाडीकाठच्या दमट हवेत ते रेंगाळते. दसऱ्यानंतर सुरुवात केली तर नाताळापर्यंत एखादी वेदी नीट तयार होते. पहिला हात टर्पेंटाइन मिसळून पातळ द्यावा, अर्ध्या तासाने अंगावर राहिलेले सारे तेल पुसून काढावे, आणि बोटाला चिकटेनासे झाल्याखेरीज दुसरा हात देऊ नये. पुढचे दोन-तीन हात अगदी बारीक पॉलिश पेपरने ओले असतानाच घोटावेत. विटेच्या पुडीचे काम तोच करतो. पुसलेल्या चिंध्या मात्र सॅक्रिस्तीच्या कोपऱ्यात गोळा करून ठेवू नयेत. वाळताना तेल तापते आणि गोळा झालेल्या चिंध्या काडी न लावता पेटू शकतात. त्या पाण्यात भिजवून, अंगणात एकेक सुटी पसरून पूर्ण वाळवाव्यात आणि मगच टाकून द्याव्यात.