न जुळणारे रक्त : परळचा शोध आणि प्रतिपिंडांची नजर

मे १९५२. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात एक छोटेखानी लेख प्रसिद्ध झाला. सात लेखकांपैकी पहिले तिघे मुंबईचे होते : वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया. उरलेले चौघे लंडनचे, आणि रक्तगटांच्या अभ्यासातील त्या काळची सर्वांत मोठी नावे. वैद्यकाच्या जुन्या विद्यार्थ्यांना ‘भेंडे-देवधरे’ हे विकृतिशास्त्राचे जाडजूड पाठ्यपुस्तक आठवत असेल. त्यातले भेंडे ते हेच.

प्रकरण असे होते. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात काही व्यक्तींचे रक्त कोणाशीच जुळेना. रक्त चढवण्याआधी रुग्णाचे रक्तजल दात्याच्या तांबड्या पेशींत मिसळून पाहतात. पेशींचे पुंजके झाले तर ते रक्त धोक्याचे. येथे ‘ओ’ गटाच्या पेशींचेही पुंजके होत होते. ‘ओ’ सर्वांना चालते, हा तर प्रत्येकाचा पाठ असलेला नियम!

तो नियम कोठे मोडला हे कळण्यासाठी पेशीच्या पृष्ठभागाकडे पाहावे लागते. तेथे शर्करांच्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकाशी फ्यूकोज नावाची शर्करा बसली की ‘एच’ ही खूण तयार होते. ‘एच’वर आणखी एक शर्करा चढली की ‘ए’ किंवा ‘बी’. काहीच चढले नाही तर ‘एच’ उघडी राहते, आणि तो ‘ओ’ गट. परळच्या या व्यक्तींमध्ये फ्यूकोज बसवणारे विकरच निकामी होते. ‘एच’ नाही, म्हणून तिच्यावर उभे राहणारे ‘ए’ आणि ‘बी’ही नाहीत. स्वतःच्या शरीरात ‘एच’ नसल्याने ती त्यांना परकी ठरते आणि रक्तजलात तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे आढळतात. ‘ओ’ गटाच्या पेशींवर तर ‘एच’ सर्वांत जास्त! म्हणजे जे रक्त सर्वांसाठी सुरक्षित, तेच यांच्यासाठी प्राणघातक.

खरा सापळा पुढेच आहे. अहिल्यानगरच्या सावेडीत असो वा मुंबईत, रक्तगट तपासताना पेशींवर ‘ए’ आणि ‘बी’विरोधी प्रतिपिंडांचे थेंब टाकतात. दोन्हींना प्रतिसाद नसेल तर कागदावर ‘ओ’ लिहिले जाते. बॉम्बे गटाच्या पेशीही तशाच गप्प राहतात. त्या व्यक्तीचे रक्तजल ‘ओ’ पेशींवर टाकून उलट बाजूने तपासले, तरच फरक उघडकीस येतो. प्रतिपिंड गप्प राहिले याचा अर्थ एवढाच की त्याला *आपली* खूण दिसली नाही. खुणेखाली काय आहे, हे ते सांगत नाही.

प्रतिपिंडांची ही काटेकोर नजर प्रयोगशाळांनी पुढे हेतुपुरस्सर वापरली. रक्तगट शोधणाऱ्या कार्ल लँडस्टायनर यांनीच प्रथिनांना साधी रसायने जोडून दाखवले होते की प्रतिपिंडे त्या इवल्याशा भागालाही ओळखतात. अशा भागाला आज एपिटोप म्हणतात. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच एपिटोपवर नेम धरणारी प्रतिपिंडे हवी तितकी बनवण्याची रीत शोधली. मग १९८४ मध्ये केंब्रिजच्या मन्रो आणि पेलहॅम यांनी प्रश्नच उलटा केला. प्रत्येक नव्या प्रथिनासाठी नवे प्रतिपिंड कशाला? फळमाशीच्या एका प्रथिनाच्या जनुकाला त्यांनी छोटीशी शेपटी जोडली. तिला ओळखणारे प्रतिपिंड आधीच हाताशी होते. या शेपटीला ‘टॅग’ म्हणतात. इन्फ्लुएन्झा विषाणूच्या प्रथिनातून घेतलेला नऊ अमिनो आम्लांचा ‘एचए’ टॅग आज जगभर वापरात आहे.

पण भेंड्यांपुढची अडचण येथेही सुटलेली नाही. पट्टीवर डाग उमटला नाही तर प्रथिन बनलेच नाही, की टॅग घडीत दडला, की तुटून गेला? म्हणूनच शेजारी टॅग नसलेला नमुना आणि टॅग नक्की असलेला नमुना, दोन्ही ठेवतात. परळमध्ये ‘ओ’ पेशींनी केलेले काम थोडेफार असेच होते.

या शोधाला कौटुंबिक बाजूही आहे. ‘एच’ नसली तरी ‘ए’ किंवा ‘बी’चे जनुक शरीरात असू शकते आणि मुलांत उतरते. कागदावर ‘ओ’ असलेल्या आईला ‘एबी’ मूल झाले, तर संशय कोणावर जाईल हे वेगळे सांगायला नको. १९५५ मध्ये फिलिप लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एका कुटुंबात जनुकांचा हा लपंडाव उलगडून दाखवला.

भाटिया यांनी सहकाऱ्यासह १९७४ मध्ये मुंबईतील प्रमाण मांडले : सुमारे ७,६०० जणांत एक. युरोपात ते दहा लाखांत एकाच्या आसपास मानले जाते. या गटाच्या व्यक्तीला त्याच गटाचे रक्त लागते, म्हणून दात्यांच्या याद्या ठेवाव्या लागतात आणि कधी पिशवी एका शहरातून दुसऱ्या शहरात धाडावी लागते. १९९५ मध्ये शहराचे अधिकृत नाव मुंबई झाले. त्या पिशवीवरचे नाव मात्र अजून ‘बॉम्बे’च आहे.