शिशाची गोळी आणि सांबराची शिकार : कॅप्टन फॉरसाइथच्या निमित्ताने



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी हा विषय निवडावा, याचे आपणांस नवल वाटले असेल. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या गुरुजींनी एकदा आम्हां मुलांना छापखाना दाखवावयास नेले होते. जुळाऱ्याच्या पेटीतला एक खिळा माझ्या तळहातावर ठेवून ते म्हणाले, "अरे, अक्षर ज्या धातूचे, गोळीही त्याच धातूची." ते वाक्य मनात रुतून बसले. पुढे निमाडचा इतिहास वाचताना कॅप्टन जेम्स फॉरसाइथ भेटला आणि त्या वाक्याची तपासणी करण्याची संधी मिळाली.

फॉरसाइथचा जन्म १८३८चा. मध्य प्रांतात तो प्रथम वनखात्यात होता. नंतर आपल्या शेजारच्या निमाड जिल्ह्याची जमाबंदी त्याने केली. १८७१ साली, ऐन तारुण्यात, लंडनमध्ये तो वारला. त्याचा 'हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हा ग्रंथ त्याच वर्षी, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. पचमढी, सातपुडा, अमरकंटक यांचे त्यातील वर्णन अभ्यासकांना ठाऊक असते. परंतु त्याआधी, १८६०च्या दशकात, त्याने शिकारी रायफल आणि तिची गोळी यांवरच एक स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. ते आज फारसे कोणी उघडत नाही.

त्या काळी शिकाऱ्यांपुढचा प्रश्न असा होता. लष्कराने १८५३च्या एनफिल्ड रायफलीबरोबर लांबट, टोकदार गोळी स्वीकारली होती. ती दूरवर अचूक जाई. मग सांबर-चितळासाठीही तीच का नको? फॉरसाइथचे उत्तर स्पष्ट नकाराचे होते. लांबट गोळी जड असते. ती हवेत कोलमडू नये म्हणून नळीतल्या पेचदार खाचांना जलद वळसा द्यावा लागतो आणि वेग बेताचा ठेवावा लागतो. असे झाले की गोळीचा मार्ग कमानीसारखा होतो. मैदानावर मोजून ठेवलेल्या अंतरावर हे चालते. सातपुड्याच्या झाडीत जनावर ऐंशी वारांवर आहे की सव्वाशे, हे क्षणात ठरवावे लागते. अंदाज थोडा चुकला की गोळी खांद्याऐवजी पोटात किंवा पायात लागते. बरे, लागली तरी ती टोकदार गोळी लहानसे छिद्र पाडून आरपार निघून जाई. सांबर झाडीत नाहीसे होई आणि कोठेतरी तासन्‌तास तडफडून मरे.

म्हणून त्याने जुन्या वाटोळ्या गोळीचाच पुरस्कार केला; मात्र रायफल तिच्याजोगी घडवून. त्याची आवडती रायफल १४ बोअरची. एका पौंड शिशातून नळीच्या मापाच्या जितक्या गोळ्या होतात, तितके तिचे बोअर. म्हणजे १४ बोअरची एक गोळी सुमारे पावणेतीन तोळ्यांची. दारू भरपूर भरली, तर वाटोळी गोळी वेगाने आणि जवळजवळ सरळ जाते. परंतु जलद वळशाच्या खाचांत ती एवढ्या दारूने खाचा सोडून घसरते. फॉरसाइथने वळसा अगदी मंद केला : पूर्ण एक फेरा सुमारे १०४ इंचांत, म्हणजे नळीच्या लांबीत अर्धाही फेरा नाही. वळसा मंद केला म्हणून दारू वाढवता आली, दारू वाढली म्हणून मार्ग सरळ झाला. मला हा सारा तर्क एखाद्या चांगल्या व्याकरणकाराच्या सूत्रासारखा वाटतो.

राहिला धातूचा प्रश्न, आणि येथेच गुरुजींचे वाक्य कसोटीला लागते. शुद्ध शिसे मऊ. ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, साच्यात ओतावयास सोपे. सिलोनमध्ये शिकार केलेला सॅम्युएल बेकर हत्तीसारख्या जनावरांसाठी शिशात कथील किंवा पारा मिसळून गोळी कठीण करण्याच्या मताचा होता. मोठे हाड फोडावयास ते योग्य. हरणाच्या अंगात मात्र कठीण गोळी आकार न बदलता निघून जाते. मऊ गोळी पसरते, कुत्र्याच्या छत्रीसारखी फुलते आणि आपला सारा आघात आतच सोडते. १८९०च्या ग्रंथात बेकरने पोकळ टोकाच्या गोळ्यांवर कडक टीका केली, कारण त्या वरच्यावर फुटून तुकडे होत. मऊ जनावरांसाठी त्याने शुद्ध शिशाची भरीव गोळीच पसंत केली.

पुढे धूररहित दारू आली. तिच्या वेगापुढे नुसते शिसे टिकेना, नळीत त्याचा लेप बसू लागला, म्हणून गोळीला कठीण धातूचे वेष्टन चढले. मग जुनीच तक्रार परत आली, की गोळी आरपार जाते. १८९०च्या दशकात कलकत्त्याजवळच्या दमदम येथे टोकाशी शिसे उघडे ठेवलेली गोळी निघाली. १८९९च्या हेग परिषदेने अंगात पसरणारी गोळी युद्धात निषिद्ध ठरवली. माणसासाठी जे क्रौर्य ठरले, ते हरणाच्या बाबतीत दया मानले जात राहिले. या विसंगतीकडे इतिहासकारांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे माझे मत आहे.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ही चर्चा इतिहासजमा झाली. अमेरिकेत हरणांची शिकार कायदेशीर आहे आणि घरी गोळ्या ओतणारे शिकारी अजून आहेत; मात्र शिशाचे कण पोटात जाऊन गिधाडांच्या जातीचा काँडोर पक्षी मरतो म्हणून कॅलिफोर्नियाने २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीवर पूर्ण बंदी घातली. तिकडे ऑफसेट छपाई आली, तेव्हा बंद पडलेल्या छापखान्यांतला लायनोटाइपचा धातू या शिकाऱ्यांच्या हाती लागला. त्यात शंभरांत सुमारे ८४ भाग शिसे, १२ भाग अँटिमनी, ४ भाग कथील. अक्षराची कड झिजू नये म्हणून तो शुद्ध शिशाच्या चौपट कठीण केलेला. हरणासाठी तो फार कठीण आणि ठिसूळ ठरला. बरेचसे शुद्ध शिसे मिसळून, मऊ करूनच तो वापरावा लागला.

तेव्हा, गुरुजींच्या वाक्यात एक दुरुस्ती करावी लागते. गोळी आणि अक्षर एका कुळातले खरे, पण हरणाच्या गोळीला अक्षराचा कठीणपणा चालत नाही. गुरुजी असते, तर त्यांनी चष्मा पुसून ही दुरुस्ती आधी वहीत टिपून घेतली असती, आणि मग आकडे कोठून आणले ते विचारले असते.