शनिवारची चूल

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. निमित्त बटाट्याचं आहे. हसू नका :)

गेल्या थँक्सगिव्हिंगला शेजारच्यांकडे जेवायचं बोलावणं होतं. जो तो एकेक पदार्थ करून आणणार. आम्ही शाकाहारी, त्यामुळे टर्कीचा प्रश्नच नव्हता. मॅश्ड पोटॅटो माझ्या वाट्याला आले, तेही चौदा माणसांचे. या दिवशी इथल्या घरांत ओव्हन टर्कीने अडवलेला असतो आणि चारही शेगड्यांवर काही ना काही चढलेलं असतं. म्हणून बरेच जण मॅश्ड पोटॅटो स्लो कुकरमध्ये करतात. एका कोपऱ्यात प्लग लावून द्यायचा आणि विसरून जायचं. शिवाय जेवायला बसेपर्यंत ते त्यातच गरम राहतात.

विसरून जायचं हे आईला काही पटेना. बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती.

"चार तास बटाटे शिजवायचे? कुकरला तीन शिट्ट्या केल्या की झालं!"

"अगं, पण त्याच्याजवळ उभं राहावं लागत नाही ना."

"मग मी काय करायचं?"

मी काहीतरी उत्तर दिलं असेल, आता आठवत नाही. आईने स्टूल ओढलं आणि त्या भांड्यापाशी जाऊन बसली. दर पंधरा मिनिटांनी झाकण उचलून बघायची. प्रत्येक वेळी कोंडलेली वाफ बाहेर जायची आणि शिजायला आणखी वेळ लागायचा. शेवटी तिचं लक्ष दुसरीकडे वळवावं म्हणून मी तिला या यंत्राची गोष्ट सांगायला लागले. ती गोष्ट आमच्या शिकागोतलीच आहे.

अर्विंग नॅक्सन नावाचे एक इलेक्ट्रिकल इंजिनिअर इथे होते. जन्म १९०२ चा. मूळ आडनाव नाखुमसोन. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते फार जर्मन वाटतं म्हणून त्यांनी बदलून घेतलं. माणूस सतत काहीतरी जोडत-मोडत बसणारा. इमारतींवर दिव्यांच्या अक्षरांत सरकत जाणाऱ्या बातम्या असतात ना, तशा पाट्यांवरही त्यांनी काम केलं होतं.

त्यांची आई लिथुआनियातल्या व्हिल्ना शहराकडची, म्हणजे आजचं व्हिल्नियस. यहुदी घर. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ सुरू होतो, तो शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत. त्या वेळात काम करायचं नाही. विस्तव पेटवणं आणि स्वयंपाक करणं हीसुद्धा कामंच. पण शनिवारी दुपारी जेवायला गरम काही हवंच, आणि लिथुआनियातली थंडी म्हणजे काय विचारता! त्यावर तिथल्या घरांतला तोडगा म्हणजे चोलेंट. कडधान्याच्या बिया, बार्ली, असलं तर मांस आणि पुढे त्या मुलखात बटाटा रुळल्यावर बटाटेही, असं सगळं एका मडक्यात भरायचं आणि शुक्रवारी दिवस मावळायच्या आत गावातल्या बेकरीत नेऊन द्यायचं. बेकरीवाल्याची त्या दिवसाची भट्टी विझत आलेली असायची. तिच्या उरलेल्या उबेवर ते मडकं रात्रभर शिजायचं आणि शनिवारी घरी आणलं की जेवण तयार.

नॅक्सन यांच्या घरात सांगतात, की ही आठवण त्यांच्या आईने त्यांना सांगितली. तिच्या लहानपणी मडकं बेकरीत पोचवायचं काम तिच्याकडे असे. हे ऐकून मुलाच्या डोक्यात चक्र सुरू झालं. बेकरीच्या भट्टीची ऊब मडक्याच्या सगळ्या अंगाने मिळते. तीच विजेच्या तारेने देता येईल का? भांड्याभोवती तार गुंडाळली तर? १९३६ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४० मध्ये ते मिळालं. पुढे त्यांनी हे भांडं 'नॅक्सन बीनरी' नावाने विकायला आणलं. बीनरी, कारण त्यात बिया उत्तम शिजत. छोट्या खाणावळींमध्ये ते थोडंफार चाललं, पण घराघरांत काही पोचलं नाही.

"मग पोचलं कधी?" आईने विचारलं. झाकण उचलायला गेलेला हात तेवढ्यापुरता थांबला.

१९७० मध्ये नॅक्सन यांनी निवृत्त होताना आपला धंदा कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीला विकला. त्या व्यवहारात हे भांडंही गेलं. रायव्हलने त्याचं रूप बदललं, नाव 'क्रॉकपॉट' ठेवलं आणि १९७१ मध्ये शिकागोच्याच गृहोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनात ते मांडलं. त्या काळच्या अमेरिकन स्वयंपाकघरांना शोभतील असे हिरवट, पिवळसर, केशरी रंग. त्या वर्षी वीस लाख डॉलरची विक्री झाली. १९७५ मध्ये तोच आकडा नऊ कोटी तीस लाखांवर गेला! मधल्या काळात, १९७४ मध्ये, आतलं मातीचं भांडं बाहेर काढून धुता येईल अशी सोय झाली. (ज्याने कोणी हे सुचवलं त्याला माझा साष्टांग नमस्कार. त्याआधी ते कसं घासत असतील कोण जाणे.) १९७३ च्या तेलसंकटानंतर वीज वाचवण्याचे दिवस आले आणि हे भांडं मंद आचेवर एखाद्या जुन्या पिवळ्या बल्बइतकीच वीज खायचं, तेही पथ्यावर पडलं.

पण खरं कारण वेगळं होतं. १९७० मध्ये अमेरिकेतल्या शंभर बायकांपैकी साधारण त्रेचाळीस नोकरी करत होत्या किंवा शोधत होत्या. १९८० मध्ये एक्कावन्न. बायका सकाळी बाहेर पडायला लागल्या होत्या आणि रात्रीचा स्वयंपाक मात्र अजून त्यांच्याच नावावर होता. स्वयंपाकीण बाहेर असली तरी हे दिवसभर शिजवत राहील, अशाच अर्थाची क्रॉकपॉटची जाहिरात होती. १९७५ मध्ये मेबल हॉफमन यांचं 'क्रॉकरी कुकरी' हे पुस्तक आलं आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या.

इथे मी बोलता बोलता थांबले. हे सगळं मला आधीपासून माहीत होतं, पण आईला सांगताना पहिल्यांदा जाणवलं. बायकांना एक दिवस काम करावं लागू नये म्हणून जे मडकं जन्माला आलं, त्याचं यंत्र झालं आणि ते विकलं गेलं कशासाठी, तर त्यांना रोज जास्त काम करता यावं म्हणून. मी तरी वेगळं काय करत होते? सुट्टीच्या दिवशी बटाटे कुकरमध्ये टाकून, वाचलेल्या वेळात लॅपटॉप उघडून ऑफिसच्या मेल्सना उत्तरं देत होते.

असो. बटाट्यांकडे वळते, नाहीतर करपतील.

दोन-सव्वादोन किलो बटाटे. शक्यतो युकॉन गोल्ड घ्यावेत. कॅनडातल्या ग्वेल्फमध्ये तयार झालेली ही जात १९८० मध्ये बाजारात आली. गर पिवळसर आणि चवीला आधीच लोण्यासारखा. साल काढून सारख्या आकाराच्या फोडी करायच्या. वाटीभर पाणी, मीठ आणि लोण्याचे तुकडे घालून फोडींना ते नीट चोळून घ्यायचं, म्हणजे वरच्या फोडी हवेने काळ्या पडत नाहीत. 'हाय'वर साधारण चार तास. सुरी सहज आरपार गेली पाहिजे. नेहमीसारखे भरपूर पाण्यात उकडले की पाणी ओतून देताना बटाट्याची चव त्याबरोबर जाते आणि फोडी आत पाणी धरून बसतात. इथे पाणीच थोडं, त्यामुळे ओतायला काही उरत नाही. चव भांड्यातच राहते. दूध शेवटी, गरम करूनच घालायचं. चार तास दूध तापत ठेवलं तर ते फाटायची भीती.

आणि मिक्सर लावायचा नाही! बटाट्याच्या प्रत्येक पेशीत पिठूळ कण असतात. शिजताना ते पाणी पिऊन फुगतात. पेशी हळुवार सुट्या केल्या तर ते आतच राहतात आणि लगदा मऊ, हलका होतो. मिक्सरच्या पात्याने पेशी फाटल्या की सगळा चिकट ऐवज बाहेर येतो आणि ताटात खळ पडते. मी एकदा केलेली आहे. त्यावर घरात अजून विनोद होतात.

मी मॅशर शोधत होते. आई उठली आणि आतल्या खोलीतून तिच्या बॅगेतलं पुरणयंत्र घेऊन आली. होळीपर्यंत इथेच असणार म्हणून तिने ते अलिबागहून आणलं होतं. "पुरणाला जे लागतं तेच याला लागतं," म्हणाली आणि दांडा फिरवायला बसली. इथे बटाट्यासाठी राइसर म्हणून जे मिळतं ते छिद्रांतून दाबूनच काढायचं यंत्र, पुरणयंत्राचं भावंडच म्हणा ना! खाली अगदी हलका, रवाळ गर पडायला लागला. त्यात गरम दूध, आणखी थोडं लोणी, मिरपूड. आईला मोहरी-हिंगाची फोडणी द्यायची होती. ती मी मोठ्या कष्टाने टाळली :)

दांडा फिरवता फिरवता ती म्हणाली, "शनिवारी काम नाही म्हणजे आपले शनवार तेलीच की."

मी बघतच राहिले. शिकागो आणि व्हिल्नाच्या गोष्टी सांगत होते आणि आमच्याच गावची गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. आईचं माहेर अलिबागच्या बाजूचं. बेने इस्रायल लोकांचे पूर्वज फुटलेल्या जहाजातून जवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. कोकणात ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. आईची आजी सांगायची, तेल संपत आलं असेल तर शुक्रवारीच आणून ठेवायचं, शनिवारी मिळायचं नाही. त्यांची भाषा मराठी, लुगडी आपल्यासारखी. पुढे १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले आणि मराठी बरोबर घेऊन गेले. जो शनिवार व्हिल्नाच्या बेकरीत मडकी ठेवायला लावत होता, तोच शनिवार अलिबागला घाणा थांबवत होता.

मडक्यात मंद शिजवणं आमच्या बाजूला नवं नाहीच म्हणा. थंडीत शेतावर पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे भरून मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. चुलीच्या वैलावर तर दिवसभर काही ना काही मंद शिजतच असायचं. पण चूल होती तोवर कुणीतरी बाई तिच्याजवळ होतीच.

"त्या बायका मग शनिवारी काय करायच्या?" आईने विचारलं. सकाळच्या "मग मी काय करायचं?"चंच हे दुसरं रूप आहे, हे मला तेव्हा कळलं. पन्नास वर्षं तिने दोन वेळचा स्वयंपाक केला. बाबांच्या शेवटच्या वर्षात तर त्यांना गिळता येईल असं मऊ, गाळलेलं, दिवसातून पाच वेळा. आता कुणी काही करू नको म्हटलं की तिला ते आराम वाटत नाही, कामावरून काढल्यासारखं वाटतं.

जे ठाऊक होतं ते सांगितलं. प्रार्थना, घरच्यांबरोबर सावकाश जेवण, दुपारची झोप, शेजारणीकडे जाणं. आणि हेही, की शुक्रवारी त्यांना दुप्पट काम पडत असणार. घर झाडणं, ब्रेड भाजणं, मडकं भरणं, सगळं सूर्य मावळायच्या आत. विश्रांतीचीसुद्धा तयारी बायकांनीच करायची. आई हसली. "ते काही चुकत नाही," म्हणाली. "पण एक दिवस सगळ्यांनाच बंद, हे बरं. एकटीला बस म्हटलं की बसवत नाही."

शेजाऱ्यांकडे भांडं रिकामं झालं. एका आजोबांनी तीनदा घेतलं आणि कृती विचारली. आईने पुरणयंत्राचा दांडा फिरवल्याचा अभिनय करून दाखवला, आणि त्यांना ते कळलं!

त्यानंतर आई होती तोवर आम्ही एक केलं. शुक्रवारी रात्री दोघींनी मिळून राजमा नाहीतर छोले आधी चांगले उकळून घ्यायचे (राजमा तर कच्चा थेट स्लो कुकरमध्ये घालूच नये, पोटाला बाधतो), मग बटाट्यांबरोबर मडक्यात टाकून झोपायचं. शनिवारी दुपारपर्यंत गॅस बंद आणि माझा लॅपटॉपही बंद. पहिल्या शनिवारी ती सहा वेळा स्वयंपाकघरात गेली. मी चार वेळा फोन बघितला. दुसऱ्या शनिवारी थोडं कमी. मार्चमध्ये एकदा सकाळी अकरा वाजता ती सोफ्यावर बसल्या बसल्या झोपून गेली. स्वयंपाकघरातून छोल्यांचा वास येत होता आणि झाकण उचलायला कुणी गेलं नाही.

आई आता अलिबागला परतली आहे. पुरणयंत्र इथेच ठेवून गेलीय. परवा फोनवर विचारत होती, तसलं भांडं तिकडे मिळतं का म्हणून.