तरवडीचा छापखाना

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा समाजबांधवांच्या उद्योगधंद्यांविषयी लेख मागविले आहेत. ज्यांनी दुकाने थाटली, पिठाच्या गिरण्या घातल्या, भाजीपाल्याचा व फुलांचा व्यापार पुण्यामुंबईपर्यंत नेला, त्यांच्याविषयी अन्य बंधू लिहितीलच. आम्ही मात्र आपल्या जिल्ह्यातील अशा एका धंद्याविषयी लिहिणार आहोत, की ज्यात नफा किती झाला हे विचारावयाचे कोणाच्या मनातही येत नाही. कै. मुकुंदराव गणपतराव पाटील यांनी नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून चालविलेले 'दीनमित्र' साप्ताहिक व त्याचा छापखाना हा आमचा विषय होय.

मुकुंदरावांचा जन्म 1885 सालचा. कृष्णराव भालेकर हे त्यांचे जन्मदाते. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाच्या कार्यात पुढे असलेल्या याच भालेकरांनी 1877 साली पुण्यात 'दीनबंधु' पत्र काढले. पैशाच्या ओढीमुळे ते त्यांना फार दिवस चालविता आले नाही व पुढे मुंबईस नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते हाती घेतले. मुकुंदराव गणपतराव पाटलांच्या घरी दत्तक गेले. गणपतरावांच्या काळी 'दीनमित्र' नावाचे मासिक निघून बंद पडलेले होते. म्हणजे जन्मदात्याचे पत्र दुसऱ्याच्या हाती गेलेले आणि दत्तक पित्याचे मिटलेले, असा हा वारसा. शहाणा मनुष्य अशा धंद्याच्या वाटेस जाता ना! मुकुंदराव गेले. दि. 23 नोव्हेंबर 1910 रोजी त्यांनी सोमठाणे येथून साप्ताहिक 'दीनमित्र' सुरू केले. पुढे ते तरवडीस आले.

ते वर्षही ध्यानात घेण्यासारखे आहे. त्याच 1910 सालच्या फेब्रुवारीत सरकारने छापखान्यांचा नवा कायदा केला होता. नव्याने छापखाना घालणाऱ्याकडून पाचशे ते दोन हजार रुपयांपर्यंत जामीन मागण्याचा अधिकार त्याने मॅजिस्ट्रेटला दिला. मजकूर आक्षेपार्ह ठरला तर जामीन जप्त, आणि पुन्हा तसेच घडले तर छापखानाही जप्त होण्याची भीती. पाचशे रुपयांत त्या काळी काय काय येत असे, हे घरातील जुनी खरेदीखते ज्यांनी पाहिली असतील त्यांस सांगावयास नको.

खेड्यात छापखाना चालविणे म्हणजे काय, याची कल्पना आजच्या मुलांस येणार नाही. शिशाचा एकेक खिळा बोटांनी उचलून ओळ जुळवावयाची. आमच्या लिपीत काना, मात्रा, वेलांट्या व जोडाक्षरे, त्यामुळे खिळ्यांची घरे इंग्रजीच्या कितीतरी पट. शाळेत आम्ही मुलांना शुद्धलेखनासाठी छड्या मारल्या. परंतु उलटी अक्षरे वाचून ओळ शुद्ध जुळविणे हे आमच्यासारख्या मास्तरासही साधले नसते. मग चौकट आवळावयाची, कच्चा कागद उठवून मुद्रिते तपासावयाची, आणि छपाई संपली की तोच प्रत्येक खिळा पुन्हा आपल्या घरात टाकावयाचा. पुढच्या आठवड्यास तेच खिळे लागणार. दौंड-मनमाड लोहमार्ग जिल्ह्यातून गेलेला. नेवासे-शेवगावाकडील ही गावे रुळापासून दूर. कागद, शाई, खिळे सारे आगगाडीतून उतरवून घेऊन गाडीवाटेने आणावयाचे, आणि छापलेले अंक त्याच वाटेने टपालास जावयाचे. दुसऱ्या महायुद्धात कागदावर नियंत्रण आले तेव्हा मोठमोठ्या पत्रांनी पाने घटविली. खेड्यातल्या पत्राची तेव्हा काय ओढाताण झाली असेल!

आणि ग्राहक कोण? 1911 च्या खानेसुमारीत हिंदुस्थानात शंभरात जेमतेम सहा माणसे साक्षर होती. चावडीवर किंवा देवळाच्या ओट्यावर एकाने वाचावे आणि पंधरांनी ऐकावे, अशी स्थिती. ऐकणाऱ्याची वर्गणी येत नाही.

परंतु या धंद्याची खरी कसोटी कागदाची नव्हे, की वर्गणीचीही नव्हे. कुलकर्ण्याच्या दप्तरावर किंवा सावकाराच्या वहीवर पुण्यास बसून टीका करणे एक वेळ सोपे. मुकुंदरावांनी 'कुलकर्णी लीलामृत' 1913 साली लिहिले, 'शेटजी प्रताप' लिहिले. पोथीच्या घाटणीचा उपयोग करून, खेडुताला रोज कानी पडणाऱ्या ओवीच्या चालीत त्यांनी दप्तराची व व्याजाची लबाडी उघडी केली. हे लिहिणारा मनुष्य खेड्यातच राहत होता. उतारा कुलकर्ण्याकडूनच घ्यावयाचा, अडीनडीला माल सावकाराच्याच दुकानातून आणावयाचा, आणि सकाळी दोघांचीही गाठ वेशीत पडावयाची. गावात धंदा करणाराला गाव सांभाळावे लागते. दुकानदार तर बहुधा तोंड मिटूनच गाव सांभाळतो. त्यास दोष देण्याचे कारण नाही, त्याच्या पोटाचा प्रश्न असतो. मुकुंदरावांचा मालच मुळी तोंड उघडण्याचा होता.

येथे आम्हांस थोडा संकोचही वाटतो. भालेकर-पाटील ही आपल्या माळी समाजाची नावे म्हणून आपण अभिमानाने घेतो. परंतु 'दीनमित्र' कोणा एका जातीसाठी निघाले नव्हते. सत्यशोधकाचे पत्र ते. जातीच्या स्मरणिकेत आपला गौरव झालेला पाहून मुकुंदरावांनी आमचेही दोन कान उपटले असते.

बहुजन समाजाची 'जागरूक' (1917), 'विजयी मराठा' (1919) यांसारखी पत्रे पुण्यातून निघाली. ती 'दीनमित्रा'च्या पुष्कळ आधी थांबली. 'दीनमित्र' 1967 पर्यंत, मुकुंदरावांच्या निधनापर्यंत चालले. सत्तावन्न वर्षे! आठवड्यास एक या हिशेबाने, खाडे न धरता, अंकांची संख्या तीन हजारांच्या जवळ जाते. सहकारी साखर कारखान्यासाठी आपला जिल्हा प्रसिद्ध आहे, आणि प्रवरेच्या काठी 1950 साली सुरू झालेल्या कारखान्याचा इतिहास मुलांच्या पाठ्यपुस्तकात येतो, ते योग्यच आहे. तेव्हा साप्ताहिक 'दीनमित्र' चाळीस वर्षांचे जुने झाले होते, हेही कोणी मुलांस सांगावे.

आता घरची गोष्ट. आमचे आजोबा 'दीनमित्रा'चे मोठे भोक्ते होते, असे आम्ही लहानपणापासून अभिमानाने ऐकत आलो. सेवानिवृत्तीनंतर वडिलांकडे अधिक चौकशी केली, तेव्हा ते हसले व म्हणाले, "भोक्ते होते, ग्राहक नव्हते." पहिल्या वर्षाची वर्गणी आजोबांनी दिली. दुसऱ्या वर्षी अंक येत राहिले व आजोबा वाचत राहिले. शेवटी वर्गणीसाठी व्ही. पी. आली. सुगी व्हावयाची होती, हातात रोकड नव्हती. आजोबांनी पोस्टमनला "घरी नाहीत म्हणून लिही" असे स्वतःच्या तोंडाने सांगितले. पुढे ते शेजाऱ्याचा अंक आणून वाचीत, आणि कीर्तनाला आलेल्या पाहुण्यांना त्यातील मजकूर तोंडपाठ म्हणून दाखवीत.

आजोबांसारखे भोक्ते गावोगाव किती असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा. तरवडीस मुकुंदरावांचे स्मारक उभे आहे. आम्ही गतवर्षी नातवास घेऊन तेथे गेलो होतो. परत येताना नातू म्हणाला, "आजोबा, आपल्या घरी यातला एकही अंक कसा नाही?" खरे तर एक होता. आमच्या आईने तो फडताळात पितळी डब्यांखाली अंथरला होता, आणि घर पाडले त्या वर्षी तो फडताळाबरोबरच गेला. ज्या कुटुंबांच्या माळ्यावर असे कागद अद्याप असतील, त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी एकदा आम्हांस दाखवावे. आम्ही स्वतः येऊन घेऊन जाऊ.