हुकुमदार! (अर्थात राउटरच्या दारातला पहारेकरी)

इंग्रजी भाषेला देवळाली कॅम्पाने एक शब्द दिलाय, माहितीये का मंडळी? 'डुलाली', म्हणजे डोकं फिरलेला. भारतातली मुदत संपलेले गोरे सोल्जर इथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत पडून असायचे. कंटाळा, ऊन आणि ताप, मग एखाद्याचं डोकं फिरायचंच. देवळालीचं झालं 'डुलाली'.

छावण्यांमधून शब्द उलट्या दिशेनेही आले. रात्री अंधारात पाऊल वाजलं की पहारेकऱ्याने 'हू कम्स देअर?' असं दरडवायचं, हा नियम. देशी शिपायांच्या तोंडी त्याचं झालं 'हुकुमदार!' ओळखीचा शब्द सांगितला तर आत, नाहीतर बंदूक रोखलेलीच.

आज लिहायचंय ते घरच्या राउटरबद्दल. त्याचंही काम हेच, दारात आलेल्याला 'हुकुमदार!' विचारायचं. पण या पहारेकऱ्याचा इतिहास बघितला तर हसावं की रडावं कळत नाही.

वायफायचं पहिलं स्टँडर्ड १९९७ चं. त्यात 'वेप' नावाचं कुलूप होतं. किल्ली फक्त ४० बिटांची, कारण त्याहून मजबूत एन्क्रिप्शन देशाबाहेर पाठवण्यावर तेव्हा अमेरिकन सरकारचे निर्बंध होते. पुढे किल्ली १०४ बिटांची झाली, पण घोळ वेगळाच होता. वेपच्या एका पद्धतीत राउटर एक मजकूर उघड्यावर पाठवायचा आणि तुमचा लॅपटॉप तोच एन्क्रिप्ट करून परत द्यायचा. झुडपाआड बसलेल्याला प्रश्नही ऐकू यायचा आणि उत्तरही! दोन्ही जुळवून बघितले की पुढच्या वेळी त्यालाही उत्तर देता यायचं, किल्ली माहीत नसताना.

२००१ मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी वेपची किल्लीच कशी काढता येते ते दाखवून दिलं. २००७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी ते काम एका मिनिटाच्या आत आणून ठेवलं. तोवर २००३ मध्ये 'डब्ल्यूपीए' आणि २००४ मध्ये 'डब्ल्यूपीए-टू' आलं होतं, म्हणजे चांगलं कुलूप बाजारात होतं. पण घरोघरी जुनंच, किंवा कुलूपच नाही. "काय होतंय? शेजाऱ्याने थोडं नेट वापरलं तर वापरलं," असा आपला मोठेपणा.

काय होतंय ते २६ जुलै २००८ ला कळलं. त्या संध्याकाळी अहमदाबादमध्ये साखळी स्फोट झाले आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. पहिल्या स्फोटाच्या काही मिनिटं आधी न्यूज चॅनेल्सना धमकीचा मेल आला होता. पोलिसांनी आयपी ॲड्रेसचा माग काढला, तो पोचला नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये. तिथे राहणारा अमेरिकन गृहस्थ नोकरीसाठी आलेला. वायफाय सुरक्षित केलेलं नव्हतं, आणि कुणीतरी बाहेरून ते वापरलं होतं. त्याचे कॉम्प्युटर जप्त झाले, चौकशीचा ससेमिरा मागे लागला. पुढे ऑगस्टमध्ये असाच मेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या वायफायवरून गेला, आणि सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय शोधत शहरात फिरण्याची मोहीमच जाहीर केली.

मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट: आयपी ॲड्रेस माणसाचं नाव सांगत नाही, तो फक्त बिल कुणाच्या नावावर येतं ते सांगतो. त्यामुळे पहिली बेल वाजते ती तुमच्याच दारावर. मेल आपण पाठवला नाही हे पटवून देईपर्यंत नोकरी, शेजारपाजार, घरचे, सगळ्यांनाच ते भोगावं लागतं.

बरं, वायफायला पासवर्ड टाकला म्हणजे सुटलो का? नाही! राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा असतो, आणि तो कंपनीने दिलेला 'ॲडमिन-ॲडमिन' तसाच ठेवायची आपली राष्ट्रीय परंपरा आहे. जुलै २०१७ मध्ये एका मालवेअरने नेमका याचा फायदा घेऊन बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचे मोडेम बंद पाडले. कंपनीला लोकांना सांगावं लागलं, बाबांनो, पासवर्ड बदला.

सोयीसाठी ठेवलेलं मागचं दारही बघा. 'डब्ल्यूपीएस' मध्ये आठ आकडी पिन असतो. दहा कोटी शक्यता वाटतात ना? पण शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा, आणि राउटर पिनचे दोन तुकडे वेगवेगळे तपासतो. म्हणजे दहा हजार अधिक एक हजार, फक्त ११,००० प्रयत्न. हे २०११ मध्ये उघड झालं. २०१७ मध्ये डब्ल्यूपीए-टू मध्येही फट सापडली, ती अपडेटने बुजवावी लागली. २०१८ मध्ये 'डब्ल्यूपीए-थ्री' आलं.

थोडक्यात काय, कुठलंच कुलूप जन्मभराचं नसतं. छावणीतही परवलीचा शब्द रोज बदलायचा, तो काही उगाच नाही.

तर या वीकेंडला अर्धा तास काढा. सेटिंगमध्ये जाऊन आधी ॲडमिनचा पासवर्ड बदला. मग डब्ल्यूपीए-थ्री निवडा, जुन्या उपकरणांना झेपत नसेल तर डब्ल्यूपीए-टू. वायफायचा पासवर्ड लांबलचक हवा, चार-पाच असंबद्ध शब्द जोडलेत तरी चालेल. मोबाईल नंबर नको, तो अख्ख्या सोसायटीला पाठ असतो :-) डब्ल्यूपीएस आणि बाहेरून सेटिंग उघडण्याची सोय, दोन्ही बंद. फर्मवेअर अपडेट करा. कंपनीने अपडेट देणं थांबवलं असेल तर राउटरच बदला. पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क ठेवा, म्हणजे घरचा पासवर्ड वाटत बसायला नको.

आणि हो, आपलं झालं की गावाकडच्या आईबाबांचाही राउटर बघून या. तिथे बहुतेक बसवणाऱ्या माणसाने टाकलेला पासवर्डच चालू असेल. पहारेकरी दारात उभा असतोच, पण 'हुकुमदार' म्हणायचा हुकूम त्याला आपणच द्यायचा असतो.