बाहेर ठेवलेल्या प्रोसेसरची गोष्ट

ज्यांना हा भाग ऐकण्याऐवजी वाचायचाय, त्यांच्यासाठी ही लेखी प्रत. बोलताना जे आलं, ते बरंचसं तसंच ठेवलंय.

सुरुवात माझ्या फजितीपासून. कॉलेजात असताना सी भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. फाइल एकेक अक्षर करून वाचायची आणि शेवट आला की थांबायचं, इतकंच काम. लॅपटॉपवर मस्त चालला. मित्राच्या रास्पबेरी पायवर टाकला, तर थांबेचना! रात्री दोनपर्यंत आम्ही दोघं डोकं धरून बसलो. चूक माझीच होती. फाइल संपल्याची खूण असते उणे एक, आणि ती मी ‘कॅर’ प्रकारात साठवत होतो. माझ्या इंटेलच्या लॅपटॉपवर कॅरमध्ये उणे आकडा बसतो. एआरएमवरच्या लिनक्समध्ये बसत नाही. तिथे उणे एकचे झाले २५५, आणि शेवट काही आलाच नाही.

भाषा तीच, लिनक्स तेच. फक्त प्रोसेसर बदलला. असे फरक कोण सांभाळतं, हे तेव्हापासून डोक्यात होतं.

आपला प्रोग्रॅम थेट कर्नलशी बोलत नाही. मधे एक लायब्ररी असते. छापायचंय, मेमरी हवीय, फाइल उघडायचीय, सगळं तिच्यामार्फत. बहुतेक लिनक्स संगणकांवर ती असते जीलिबसी, म्हणजे ग्नू सी लायब्ररी. आता गंमत बघा. कर्नलला ‘हे लिही’ असं सांगायचं असेल, तर ६४-बिट इंटेल किंवा एएमडीवर ‘सिसकॉल’ ही सूचना लागते आणि लिहिण्याच्या कामाचा क्रमांक आहे १. ६४-बिट एआरएमवर सूचना ‘एसव्हीसी’, क्रमांक ६४. रिस्क-फाइव्हवर क्रमांक ६४च, पण सूचना ‘ईकॉल’. असे शेकडो बारीक फरक प्रत्येक प्रोसेसरसाठी जुळवून ठेवायचे, त्याला म्हणतात पोर्ट. आणि पोर्ट एकदा लिहून भागत नाही. कर्नल बदलतो, कंपायलर बदलतो, नवे चिप येतात. कोणीतरी मागे उभं राहावंच लागतं.

ही लायब्ररी सुरू केली रोलंड मॅकग्रा यांनी, १९८७ मध्ये. तेव्हा ते शाळकरी वयाचे होते, बरं का! नव्वदच्या दशकात लिनक्सवाल्यांनी तिची प्रत घेऊन स्वतःची वेगळी आवृत्ती चालवली. १९९७ मध्ये जीलिबसी २.० आली आणि हळूहळू सगळे परतले. लिनक्सवाल्यांची आवृत्ती पाचवर पोचली होती, म्हणून नव्या फाइलच्या नावात सहा आला. आजही बहुतेक लिनक्स संगणकांवर तिचं नाव ‘लिबसी डॉट एसओ डॉट सिक्स’ असंच आहे. जुन्या फाटाफुटीची खूण!

त्यानंतर बरीच वर्षं कारभाराची सूत्रं उलरिक ड्रेपर यांच्याकडे होती. २००० च्या दशकाच्या मध्यात एआरएम, मिप्स अशा प्रोसेसरांचा कोड मुख्य झाडातून काढून ‘पोर्ट्स’ नावाच्या वेगळ्या भांडारात ठेवला गेला. त्यांच्या बाजूनेही विचार करून बघा. जे यंत्र आपल्या टेबलावर नाही, त्याच्या चुकांची जबाबदारी कशी घ्यायची? पण बाहेर ठेवलेल्यांचं काय? मुख्य कोडमध्ये कुणी काही बदललं की यांचं मोडायचं, आणि दुरुस्तीही यांनीच करायची. आणि हे कधी? एआरएम घराघरातल्या मोबाइलमध्ये शिरत होता तेव्हा!

शेवटी एक शाखा निघाली, ईजीलिबसी. छोट्या उपकरणांना सोयीची आणि जास्त प्रोसेसरांना सामावून घेणारी. २००९ च्या मे महिन्यात डेबियनने तिच्याकडे जात असल्याचं जाहीर केलं. डेबियन कितीतरी प्रोसेसरांवर चालतं, त्यामुळे ही साधी गोष्ट नव्हती.

मग चक्र फिरलं. २०१२ मध्ये जीलिबसीची सुकाणू समिती विसर्जित झाली आणि निर्णय सगळ्यांच्या सहमतीने होऊ लागले. त्याच वर्षाअखेरच्या २.१७ आवृत्तीत ६४-बिट एआरएमचा पोर्ट आला, लिनारोने दिलेला. जोसेफ मायर्स आणि इतरांनी ईजीलिबसीमधलं कामाचं ते मुख्य झाडात आणलं. २०१४ मध्ये डेबियन परतलं, आणि २.२० आवृत्तीत ‘पोर्ट्स’ हा वेगळा कप्पाच गेला. आता सगळे एका पंगतीला.

कार्लोस ओडॉनेल हे आजच्या प्रमुख मेन्टेनरांपैकी एक. त्यांनी सुरुवातीला एचपीच्या पीए-रिस्क या फारसा वापर नसलेल्या प्रोसेसरचा पोर्ट सांभाळला. आडवाटेवरचा माणूस मुख्य रस्त्यावर आला, म्हणा ना.

पण पंगतीला बसवलं म्हणून पान कायमचं राखलं जात नाही. २०१८ मध्ये ६४-बिट रिस्क-फाइव्ह आत आला. २०२४ च्या जानेवारीत, २.३९ आवृत्तीत, इंटेलचा आयटेनियम बाहेर गेला. त्याच महिन्यात लिनक्स कर्नलनेही त्याला निरोप दिला होता. सांभाळणारे हात संपले की मोठ्या कंपनीचं नावही कामाला येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, माझ्या फोनचं काय? अँड्रॉइडमध्ये जीलिबसी नसते, गूगलची बायोनिक असते. पण तुमचा फोन ज्या सर्व्हरांशी बोलतो, त्यातल्या असंख्य सर्व्हरांवर जीलिबसी असते. तिच्यात मराठीसाठीही एक फाइल आहे, आपले वार आणि महिने मराठीत दाखवणारी. तीही कोणीतरी बसून लिहिलेलीच.

राहिली माझ्या त्या प्रोग्रॅमची गोष्ट. पायने चूक केली नव्हती, लॅपटॉपने माझी चूक झाकली होती. म्हणून वेगवेगळे प्रोसेसर जपायचे, निव्वळ दयेपोटी नाही. दुसऱ्या यंत्रावर चालवून बघितल्याशिवाय आपलं खरं किती, हे कळत नाही. घरात जुना पाय पडून असेल, तर या रविवारी बाहेर काढा, आपला एखादा प्रोग्रॅम त्यावर चालवा. थांबला नाही, तर मला कळवा!