केवळ किरणोत्सारी घड्याळ पुरेसे आहे काय?

हिंगोलीच्या भूमीविषयी एक मत वारंवार ऐकू येते. इथला खडक म्हणजे काळा बेसॉल्ट. तप्त लाव्ह्यात जीव टिकत नाही, म्हणून जीवाश्मही नाहीत. वय काढायला किरणोत्सारी मापन आहेच. मग समुद्री सूक्ष्मजीवाश्मांचे इथे काम काय?

हे मत अज्ञानातून आलेले नाही. आर्गॉन आणि झिर्कॉनच्या आधुनिक मापनांनी दख्खनच्या लाव्ह्यांचे वय सुमारे 6.6 कोटी वर्षे ठरवले, हे निर्विवाद आहे. ते मापन आवश्यक आहे, हे मान्य. पुरेसे आहे, हे अमान्य.

लाव्ह्यात जीवाश्म नसतात हे खरे. पण उद्रेक अखंड चालू नव्हते. मधल्या विश्रांतीत तळी भरली, गाळ साचला आणि त्यावर पुन्हा लाव्हा पसरला. नागपूरजवळच्या टाकळी येथील अशाच थरांतले गोड्या पाण्यातील शंख हिस्लॉप आणि हंटर यांनी एकोणिसाव्या शतकातच अभ्यासले होते. समुद्री पुरावा हवा असेल, तर नद्यांच्या दिशेने जावे. हिंगोलीतल्या कयाधू नदीचे पाणी पैनगंगेच्या वाटेने, तर पूर्णेचे थेट गोदावरीला मिळते. त्याच गोदावरीच्या खालच्या अंगाला, राजमहेंद्रीजवळच्या खाणींत, दोन लाव्हाथरांच्या मध्ये समुद्री गाळ आहे. तो प्रदेश आपल्याला परका आहे काय? 2008 साली स्टीफन सेल्फ आणि सहकाऱ्यांनी रासायनिक साधर्म्यावरून तिथले लाव्हे सह्याद्रीतील अंबेनळी आणि महाबळेश्वर गटांशी जोडले. साक्षीदार घरचाच आहे.

ही साक्ष काय सांगते? घड्याळ वर्षे मोजते. डायनोसॉरांसह असंख्य जीव संपले ती सीमा कोणत्या थरात आहे, हे ते स्वतःहून सांगत नाही. त्या सीमेचा जागतिक मानदंड ट्युनिशियातील एल केफ येथे, समुद्री थरांतच आहे. राजमहेंद्रीच्या मधल्या थरात गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांना विनाशानंतर उदयाला आलेले, डॅनियन या लगेच पुढच्या काळाच्या आरंभीचे फोरॅमिनिफेरा, म्हणजे सूक्ष्म कवचांचे समुद्री जीव, सापडले. म्हणजे खालचा लाव्हा त्या गाळाआधीचा, वरचा नंतरचा. हा क्रम कोणत्याही यंत्राच्या चुकीने उलटत नाही. उलट, झिजलेल्या बेसॉल्टमधून आर्गॉन निसटतो आणि खडक खोटा तरुण दिसतो. अशा वेळी स्वतंत्र साक्षीदार नको काय?

आक्षेप येईल: सूक्ष्म कवचे वाहून दुसऱ्या थरात मिसळतात. मिसळतात खरी. पण जुन्या खडकातील कवचे नव्या गाळात येतात. अजून जन्मालाच न आलेल्या जीवाची कवचे जुन्या गाळात कशी येणार? डॅनियन कवचे धरून ठेवणारा अभंग थर डॅनियनपूर्व असूच शकत नाही. आक्षेप इथेच संपतो.

शेवटी भूगोल. वर्षांच्या आकड्यावरून किनारा कुठे होता हे कळत नाही. टाकळीचे शंख तळे दाखवतात, राजमहेंद्रीची कवचे समुद्र. छिंदवाड्यातील झिलमिली येथे गोड्या पाण्याच्या जीवांसोबत समुद्री फोरॅमिनिफेरा मिळाले, तेव्हा समुद्राचा फाटा मध्य भारतात शिरला होता, असे मत 2009 साली मांडले गेले. त्यावर वाद जरूर व्हावा. पण हा प्रश्न विचारण्याचे सामर्थ्य कोणत्या घड्याळात होते?

निकाल वाचकांनी द्यावा. माझी मागणी एवढीच आहे: मराठवाड्यात विहिरी खोदताना काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये गाळाचा पट्टा लागला, तर तो मातीमोल समजून फेकू नये. आधी तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा.